‘पाइपलाइन मजबूत आहे’ : कंपन्यांची भाषा वाचायला शिकताना

इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर घेण्याआधी कंपन्यांचा अभ्यास करण्याच्या कामात, नव्याने आलेल्या मुलामुलींचे सुरुवातीला दोन प्रकार दिसतात. काही जण मॅनेजमेंट जे बोलेल ते जसंच्या तसं आपल्या नोटमध्ये उतरवतात : कंपनी ‘ट्रान्सफॉर्मेशन’च्या टप्प्यात आहे, ‘सिनर्जी’ दिसू लागल्या आहेत, ‘इकोसिस्टम’ उभी राहतेय. दुसऱ्यांना हे सगळं थोतांड वाटतं. असं वाक्य आलं की ते हसतात आणि सरळ ताळेबंदावर जातात. दुसरा प्रकार जास्त हुशार दिसतो, पण कामाला दोघंही सारखेच अपुरे पडतात. ही वाक्यं कुणीतरी डोकं लावून लिहिलेली असतात, वकिलांनी तपासलेली असतात, संचालकांनी त्यात फेरफार केलेले असतात. एवढा घाट घालून जे छापलं जातं त्यातून काही ना काही कळतंच. फक्त वाक्य काय म्हणतंय यापेक्षा ते कुठे बसवलंय, यातून जास्त कळतं.

वार्षिक अहवाल आणि तिमाही निकालांनंतरचे कॉल, म्हणजे कंपनीचे अधिकारी विश्लेषकांशी फोनवर बोलतात ते, हेच माझं रोजचं काम. त्यातून एक प्रश्न अंगवळणी पडला आहे. गुळगुळीत शब्द दिसला की मी बघते, या जागेवर आधी कोणता आकडा होता?

एका कंपनीचं उदाहरण सांगते, नाव नको. कारखान्यांसाठी मोठी यंत्रं बनवणारी. तिच्या अहवालात अध्यक्षांच्या पत्राला लागूनच चार ओळींचा तक्ता असायचा : वर्षाच्या सुरुवातीला हातात असलेल्या ऑर्डर, वर्षभरात आलेल्या, पूर्ण केलेल्या आणि शिल्लक. एका वर्षी तक्ता गायब. त्याच जागी निळ्या चौकटीत एक परिच्छेद, की आमची पाइपलाइन आजवरची सर्वांत मजबूत आहे आणि ग्राहकांशी सखोल चर्चा चालू आहे. आता ऑर्डर म्हणजे ग्राहकाने सही केलेलं काम, बहुतेक वेळा आगाऊ रकमेसकट. पाइपलाइनमध्ये मात्र ज्याने नुसता दरफलक मागवला तोही मोजता येतो. मग मी ताळेबंदात देण्यांच्या बाजूची ‘ग्राहकांकडून मिळालेली आगाऊ रक्कम’ ही ओळ काढली. ती वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली होती. अध्यक्षांच्या पत्राशेजारचा तक्ता काढून टाकणं कंपनीच्या हातात असतं, ऑडिट झालेल्या हिशोबातली ओळ काढणं नसतं. विक्रीतली घसरण पुढे दोन तिमाहींनी दिसली.

यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा अहवाल शेजारीशेजारी उघडायचा आणि फरक बघायचा. वार्षिक अहवालातला बराचसा मजकूर गेल्या वर्षीचाच असतो, तारखा बदलून चिकटवलेला. म्हणून जे वाक्य बदललंय, ते कुणीतरी मुद्दाम बदललंय असं धरून चालायचं. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या अहवालांवर यासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या कंपन्यांनी अहवालाची भाषा जास्त बदलली, त्यांच्या शेअरचा परतावा पुढच्या काळात कमी राहिला, आणि अहवाल आला त्या दिवशी बाजाराने त्याकडे जवळपास लक्षच दिलं नव्हतं. सगळं उघड्यावर पडलेलं असतं, पण तीनशे पानं दोनदा वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. नवख्या माणसाला संधी आहे ती इथेच, कारण कंटाळायची मुभा फक्त वरिष्ठांना असते.

काही शब्द मात्र या खेळातले नाहीत, ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. ‘गोइंग कन्सर्न’बद्दल, म्हणजे धंदा पुढे चालू राहील का याबद्दल, ऑडिटरने शंका नोंदवली, ‘मटीरियल वीकनेस’, म्हणजे हिशोबावरच्या नियंत्रणात गंभीर त्रुटी, सापडला, जुन्या हिशोबांचं ‘रीस्टेटमेंट’ झालं, म्हणजे ते दुरुस्त करून पुन्हा मांडावे लागले, कर्जाच्या अटी मोडल्यामुळे बँकेकडून ‘वेव्हर’, म्हणजे सूट, घेतला : हे सगळं ऐकायला तितकंच रूक्ष, पण यातल्या प्रत्येकामागे नियम, करार आणि कुणाची तरी सही आहे. नवीन मुलं ‘डिसरप्शन’वर पानभर लिहितात आणि वेव्हरची ओळ सोडून देतात. असे शब्द बहुधा मागच्या टिपांमध्ये बारीक टायपात असतात. मी अहवाल मागूनच वाचायला घेते.

‘अ‍ॅडजस्टेड’ या शब्दावर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा म्हणजे एबिटडा, इथवर ठीक. त्यातून एकदाच होणारा खर्च वगळला तर अ‍ॅडजस्टेड एबिटडा, हेही समजू शकतं. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने २०१८ मध्ये रोखे विकताना त्याच्याही पुढे जाऊन ‘कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा’ असा आकडा दिला. त्यात जाहिरात, प्रशासन, नव्या जागांचा विकास आणि डिझाइन यांवरचे खर्चसुद्धा वगळलेले होते. २०१७ साठी हा आकडा आला सुमारे २३ कोटी डॉलर फायदा. त्याच वर्षीचा निव्वळ तोटा होता सुमारे ९३ कोटी डॉलर. २०१९ मध्ये कंपनी आयपीओला, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला, आली, तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढा टोकाचा नमुना रोज भेटत नाही. रोज भेटते ती ‘एकदाच होणारा पुनर्रचना खर्च’ ही ओळ, जी सलग पाच वर्षं येते. तेव्हा गेल्या पाच वर्षांतले ‘एकदाच’वाले सगळे खर्च एका स्तंभात मांडा, बेरीज करा, तिला पाचने भागा आणि ती रक्कम नेहमीच्या खर्चात घाला. त्यानंतर उरेल तो नफा.

बाजारात फॅशन आलेल्या शब्दांचं थोडं निराळं आहे. ते आकडा झाकायला येत नाहीत, शेअर हलवायला येतात. १९९८-९९ मध्ये नावाला ‘डॉट कॉम’ जोडलेल्या कंपन्यांचा नंतर अभ्यास झाला. घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत त्यांच्या शेअरनी बाजारापेक्षा सरासरी सुमारे ७४ टक्के जास्त परतावा दिला होता, आणि इंटरनेटवर त्यांचा धंदा किती होता याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी या शीतपेयाच्या कंपनीने नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं आणि एका दिवसात शेअर दुपटीपेक्षा वर गेला. २०२१ मध्ये अमेरिकी नियामक एसईसीने त्या शेअरची नोंदणीच रद्द केली. आता एआयची पाळी आहे. मार्च २०२४ मध्ये दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांनी एआय वापरण्याबद्दल खोटे दावे केल्याच्या आरोपावरून एसईसीला मिळून ४ लाख डॉलर दंड भरला.

पण कंपनी एआयबद्दल बोलते म्हणजे खोटंच बोलते, असं म्हणून चालत नाही. तपासायची माझी आवडती जागा म्हणजे सेगमेंट रिपोर्टिंग, म्हणजे धंद्याच्या प्रत्येक विभागाचा वेगळा दिलेला हिशोब. आयएफआरएस ८ या आंतरराष्ट्रीय हिशोब-मानकानुसार, निर्णय घेणारा सर्वोच्च अधिकारी धंद्याकडे ज्या विभागणीने बघतो, त्याच विभागणीवर सेगमेंट ठरवावे लागतात. तेव्हा अध्यक्षांच्या पत्रात ‘आम्ही आता प्लॅटफॉर्म कंपनी आहोत’ असं असेल आणि टिपांमध्ये मात्र जुनेच तीन सेगमेंट असतील, तर स्वतः अध्यक्षही अजून त्या प्लॅटफॉर्मचा वेगळा हिशोब मागत नाहीत असं समजायला हरकत नाही. कधीकधी तो खरंच फार लहान असतो. मग पत्रात त्याला पहिलं पान का?

कॉलचं तंत्र वेगळं. पहिली पंधरा-वीस मिनिटं लिहून आणलेलं वाचतात, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे कॉलच्या शब्दशः नोंदीत, नंतर वाचलं तरी चालतं. प्रश्नोत्तरं मात्र शक्यतो ऐकावीत. एका कॉलवर कुणीतरी साधा प्रश्न विचारला : या तिमाहीतली वाढ नगांची किती आणि किमतीची किती? सीईओ म्हणाले, ‘आम्ही व्हॉल्यूम-व्हॅल्यू असं बघत नाही, आम्ही क्वालिटी ऑफ ग्रोथ बघतो.’ विचारणाऱ्याने परत तेच विचारलं. मग सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, मध्ये पडले आणि म्हणाले, ते ऑफलाइन घेऊ. मागच्या चार कॉलमध्ये हाच आकडा न विचारता मिळत होता. माझ्या वहीत त्या कॉलची एवढीच नोंद आहे.

बाकीचे शब्द भराभर सांगते. निकाल वाईट आले की ‘हेडविंड’ (प्रतिकूल परिस्थिती) बाहेरून आलेले असतात, चांगले आले की ‘एक्झिक्युशन’ (अंमलबजावणी) आपलं असतं. हे सगळीकडे चालतं, त्यात विशेष काही शोधू नका. ‘दुसऱ्या सहामाहीत वेग येईल’ असं ऐकलं की पहिली सहामाही गेली असं लिहून ठेवा. ‘स्ट्रॅटेजिक पर्यायांचा आढावा’ म्हणजे बहुधा कंपनी किंवा तिचा एखादा भाग विकायला काढलाय. ‘राइटसायझिंग’ म्हणजे नोकरकपात. ‘एआरआर’ची, म्हणजे दरवर्षी पुन्हा पुन्हा येणाऱ्या उत्पन्नाची, व्याख्या प्रत्येक कंपनी आपापली करते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्हींची तळटीप वाचा. आणि बाजारपेठ केवढी मोठी आहे हे सांगणाऱ्या आकड्याने दिपून जाऊ नका. उबरने २०१९ च्या आयपीओच्या कागदपत्रांत आपली संभाव्य बाजारपेठ सगळी मिळून १२ लाख कोटी डॉलरच्या वर दाखवली होती. त्यातून पुढच्या तिमाहीच्या विक्रीबद्दल काहीच कळत नाही.

अहवालांची भाषा मोजायला आता यंत्रंही आहेत. बऱ्या-वाईट शब्दांची संख्या काही सेकंदांत मिळते. पण शब्दांची यादी कुठून घेतली ते बघा. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की सर्वसाधारण शब्दकोशाने नकारात्मक ठरवलेल्या शब्दांपैकी जवळपास तीन चतुर्थांश शब्द कंपन्यांच्या अहवालात नकारात्मक नसतातच. कर, खर्च, देणी हे तर हिशोबाचे नेहमीचे शब्द.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर सगळं वाचून तुम्ही नुसते संशयी व्हाल. ‘दीर्घकालीन’ हा तोट्यातल्या कंपन्यांचा लाडका शब्द. अ‍ॅमेझॉनच्या १९९७ च्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रातही तो ठासून भरलाय, आणि कंपनी तेव्हा तोट्यातच होती. फरक एवढाच की त्याच पत्रात ग्राहकखाती १ लाख ८० हजारांवरून १५ लाख १० हजारांवर गेल्याचं आणि परत येणाऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेल्याचं दिलेलं आहे. शब्दाशेजारी आकडा होता, आणि पुढच्या वर्षी कुणीही तो मागू शकला असता.

मुलाखतीबद्दल बरेच जण विचारतात. मी उमेदवाराला कॉलच्या ट्रान्सक्रिप्टची दोन पानं देते, कंपनीचं नाव खोडून. बहुतेक जण मॅनेजमेंटच्या बोलण्याचा सारांश सांगतात. सारांश चांगला असला तर त्याचेही गुण देते. मग एकच प्रश्न विचारते : यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही? तेवढं बोट ठेवून दाखवता आलं तर मॉडेल, म्हणजे कंपनीच्या पुढच्या कमाईच्या अंदाजाचा तक्ता, बांधणं आम्ही नंतर शिकवतो.