रुग्णांची गटवारी करण्याआधी डेटा असा तपासा

डीआरजी म्हणजे सारखे आजार आणि साधारण सारखा उपचारखर्च असलेल्या रुग्णांना एका गटात टाकणारी पद्धत. अशा पद्धतीत गट ठरवणारे सॉफ्टवेअर केसपेपर वाचत नाही. मुख्य निदान, दुय्यम निदाने, शस्त्रक्रियांचे कोड, वय, लिंग, डिस्चार्जचा प्रकार असे मोजके रकानेच त्याला दिसतात. त्यातला एखादा चुकला तर रुग्ण भलत्याच गटात जाऊ शकतो, आणि सॉफ्टवेअर बहुतेकदा हूं की चूं करत नाही.

सोप्या चुका आधी काढा. डिस्चार्जची तारीख दाखल होण्याच्या आधीची नाही ना? पुरुषाच्या नोंदीत प्रसूतीचा कोड नाही ना? नवजात बाळाचे वजन ग्रॅममध्ये आहे ना? ३२०० ऐवजी ३.२ भरले गेले, तर नोंद बाद तरी होते किंवा चुकीच्या गटात पडते.

खरे नुकसान मुख्य निदानात होते. सगळ्या तपासण्यांनंतर, रुग्णाला मुख्यतः ज्या कारणाने दाखल करावे लागले असे ठरते, ते मुख्य निदान. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी लिहिलेले ‘छातीत दुखणे’ (आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत आर०७.४) तसेच राहते आणि नंतर निश्चित झालेला हृदयविकाराचा झटका (आय२१) दुय्यम यादीत जातो. म्हणून ‘आर’ने सुरू होणारे, म्हणजे मुख्यतः लक्षणांच्या कोडचे, मुख्य निदान असलेल्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढून पुन्हा वाचा.

दुय्यम निदाने बहुधा गळतात, कारण डिस्चार्ज समरी घाईत लिहिली जाते. औषधांची यादी कोडशी ताडून पाहा: इन्सुलिन दिले पण मधुमेहाचा कोड नाही, रक्त चढवले पण रक्तक्षयाचा किंवा रक्तस्रावाचा उल्लेख नाही. मात्र नुसत्या रिपोर्टवरून कोड जोडू नका. डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा.

एवढे करूनही फेरकोडिंग हवेच. यादृच्छिक पद्धतीने १०० केसपेपर निवडा. पहिले कोड न दाखवता दुसऱ्या कोडरकडून पूर्ण केसपेपरवरून कोड लावून घ्या आणि दोन्ही संच सॉफ्टवेअरमधून काढा. किती कोड बदलले आणि किती गट बदलले, हे वेगवेगळे मोजा. १० गट बदलले, तर खरे प्रमाण साधारण ५ ते १८ टक्क्यांत कुठेही असू शकते. एका आकड्यावर विभागांची तुलना करू नका. बदलांची दिशाही पाहा. दोन्ही बाजूंच्या चुका सरासरीत बऱ्याच अंशी जिरतात. पहिल्या कोडिंगमधले चुकीचे गट सगळे महागड्याच बाजूचे निघाले, तर कोडरला दोष देण्याआधी त्या विभागाचा फॉर्म आणि कोडिंगच्या सूचना तपासा.