विहिरीचं पाणी पावसाळ्यात कसं सांभाळावं

पहिला मोठा पाऊस झाला की गावोगावी विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकायची घाई सुरू होते. टीसीएल हवीच, पण ती सगळ्यात शेवटी. बाहेरून घाण येतच राहिली तर ती पावडर जंतूंपर्यंत पोचण्याआधी गढूळपणातच खर्ची पडते. उकिरड्यातून झिरपलेलं नायट्रेट (पाण्यात विरघळणारा क्षार) तर टीसीएलने जात नाहीच, आणि पाणी उकळून आटवलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं.

आधी भोवताल

मे महिन्यातच विहिरीभोवती एक फेरी मारा. शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांतलं काही ५० फुटांच्या आत आहे का? असेल तर हलवा. उकिरडा दोन दिवसांत हलतो. शोषखड्ड्याला पैसे पडतात, म्हणून तिथे सगळे टाळाटाळ करतात आणि नेमका तोच जास्त घातक असतो. ५० फूट हाही ठोकताळाच आहे. कोकणात जांभ्यातून आणि घाटावर काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी त्याहून लांब जातं. खड्डा चढाच्या बाजूला असेल तर अंतर वाढवलेलंच बरं.

मग विहीर

कठडा अडीच-तीन फूट हवा. भोवतीचा ओटा सिमेंटचा, उतार बाहेरच्या बाजूला आणि सांडपाण्याला लांब नेणारी नाली. आत डोकावून वरचं बांधकाम नीट पाहा. दगडांच्या सांध्यांतून हिरवट-काळे ओघळ उतरलेले दिसले तर पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. ते सांधे सिमेंटने भरा, पिंपळाचं रोप उगवलं असेल तर मुळासकट काढा. ओट्यावर धुणं नको, गुरं तर नकोच. निर्माल्य टाकणाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा वर जाळी बसवावी, वाद मिटतो.

गाळ माहीतगार माणसांकडूनच काढून घ्या. उपसायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. धूर आत कोंडून माणसं दगावतात.

आता टीसीएल

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर २८,२६० लिटर. दर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण १४० ग्रॅम टीसीएल. ताजी पावडर नाकाला झोंबते. वास उडालेली, गोळे झालेली पावडर वापरून फक्त समाधान मिळतं.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून तीच विहिरीत सोडा. मग दोराला बांधलेली बादली पाण्यात खालीवर जोरात हलवा, म्हणजे औषध खालपर्यंत मिसळतं. तासभर कुणी पाणी भरू नये. म्हणून हे काम रात्री करणं सोयीचं.

तपासणी

तासाभराने नळीत पाणी घेऊन ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाका. पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं लागतं. रंग आलाच नाही तर पुन्हा मात्रा द्या. ओटी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे असते, खासगी विहिरीसाठीही मागून बघा. पावसाळ्यात हे रोजचंच काम आहे, कारण आज टाकलेलं क्लोरीन उद्यापर्यंत टिकेलच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्याच नांदेड गावच्या विहिरीकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा तर पावसाळाही नव्हता.

रोज मात्रा देऊनही रंग येत नसेल तर पावडर वाढवत बसू नका. कुठून तरी मैलापाणी आत येत असावं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या, अहवाल येईपर्यंत प्यायला दुसरं पाणी आणा आणि तो शोषखड्डा पुन्हा एकदा तपासा.