स्नेअर चेपला आणि मग पस्तावलो: ड्रम रेकॉर्डिंगला नवीन असाल तर वाचा

ड्रम रेकॉर्ड करतानाच कॉम्प्रेशन (जोराचे आवाज दाबून, म्हणजे चेपून, हळू आवाजांच्या जवळ आणणं) आणि ईक्यू (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणं) मारायचं का सगळं मिक्सला बघायचं, हे नवीन पोरं सारखी विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधी माझी फजिती ऐका.

पुण्यात एका स्टुडिओत मी असिस्टंट होतो, म्हणजे केबल गुंडाळायच्या, स्टँड उचलायचे आणि चहा सांगायचा. एका रविवारी आमचा इंजिनिअर दादा गावाला गेलेला आणि कॉलेजच्या पोरांचा बँड दारात उभा. दादा फोनवर म्हणाला, तूच कर रे. मी इतका हवेत की रॅकमध्ये जे दिसेल ते पॅच करत सुटलो. स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या त्या करकरीत आवाजाच्या ड्रमवर, ११७६ या नावाजलेल्या कॉम्प्रेसरच्या धर्तीचा कॉम्प्रेसर लावला. कुठंतरी वाचलेलं की अटॅक (फटका आल्यावर कॉम्प्रेसर किती लवकर दाबतो तो वेळ) स्लो ठेवला की काडीचा पहिला फटका सुटून जातो आणि कॉम्प्रेसर मागचा आवाज पकडतो, म्हणून अटॅकचा नॉब पार उजवीकडे, ७ वर नेला. आता ११७६ ची गंमत अशी की त्यात उलटं असतं, ७ म्हणजे सगळ्यात फास्ट, २० मायक्रोसेकंद. आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारा काटा प्रत्येक फटक्याला १० डीबी खाली आपटत होता आणि हेडफोनात मला काय भारी वाटत होतं, जाड, एकसारखं, एकदम सीडीवरच्यासारखं.

पंधरा दिवसांनी मिक्सला बसलो तेव्हा पाय जमिनीवर आले. ड्रमरने अंतऱ्यात मस्त हलके घोस्ट नोट्स (मेन फटक्यांच्या मधले हळू फटके) वाजवलेले, ते मेन फटक्याच्या बरोबरीने येऊन बसलेले. दोन फटक्यांच्या मध्ये कॉम्प्रेसर सोडायचा की शेजारचा हाय-हॅट (पायाने उघडझाप करायच्या झांजांची जोडी) उसळी मारून वर यायचा, भस्स भस्स. फटक्याला धार नाही म्हणून ५ केला (५००० हर्ट्झला) वाढवलं तर स्नेअरआधी हाय-हॅटच कानात घुसला. दादाला ऐकवलं, तो म्हणाला, "आमटीत मीठ जास्त पडलं तर पाणी तरी ओतता येतं, यात काय ओतणार?" शेवटी स्नेअरवर सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला तयार फटका, चिकटवून वेळ मारून नेली, आणि तो पोरगा खरंच चांगला वाजवलेला हो, त्याची मेहनत माझ्या एका नॉबने खाल्ली.

नंतर कळलं की नॉब १ वर ठेवला असता तरी अटॅक ८०० मायक्रोसेकंदच मिळाला असता, म्हणजे १ मिलिसेकंदाच्याही आत. तसला कॉम्प्रेसर फटका सुटू देण्यासाठी नाहीच, तिथं २०-३० मिलिसेकंदांपर्यंत जाणारा पाहिजे. नाव मोठं आहे म्हणून लावायचं नसतं, एवढं तेव्हा कळायला हवं होतं.

मग जुने लोक रेकॉर्डिंगलाच सगळं का मारायचे? तेव्हाच्या रेकॉर्डिंगच्या टेपला स्वतःचा हिस्स, म्हणजे सूंऽ असा आवाज, असायचा, आवाज कमी भरला तर हिस्स वर यायचा, त्यामुळे आवाज चेपून भरपूर भरणं सोयीचं पडायचं. शिवाय स्टुडिओत कॉम्प्रेसर असायचे मोजके, मिक्सला सगळीकडे पुरायचे नाहीत, मग आत्ताच वापरून घ्या. तुम्ही २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय, एका बिटला साधारण ६ डीबी धरले तर कागदावर १४४ डीबी जागा आहे, पीक (सगळ्यात जोराचे फटके) मीटरवर -१२ ते -१० डीबीच्या आसपास राहिले तरी काही बिघडत नाही. लाल दिव्याच्या भीतीने कॉम्प्रेसर लावू नका, गेन कमी करा.

ईक्यूचं तर आणखी सोपं आहे. तबलजी गट्टे ठोकून तबला सुरात लावल्याशिवाय माइकसमोर बसतो का? मग ड्रम तसाच ढिला ठेवून ईक्यूने कसला सुधारताय? माझा सेशनचा पहिला तास ड्रमची चावी फिरवण्यातच जातो. स्नेअर टणटण वाजतोय तर स्किनच्या कडेला टेपचा तुकडा, किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा येतोय तर आत उशी नाहीतर जुनी गोधडी. त्यानंतर माइक. स्नेअरवर एसएम५७ (स्नेअरला नेहमी लावतात तो माइक) असेल तर तो दोन बोटं कडेकडून मधे सरकवा आणि ड्रमरला वाजवत ठेवा, कडेला रिंग जास्त, मधे फटका जास्त, फरक इतका पडतो की ईक्यूला हातच लावावासा वाटत नाही.

आणि फेज, म्हणजे दोन माइकमधले आवाज एकमेकांना जुळतात की खातात ते! एकदा स्नेअरला अंगच नाही म्हणून अर्धा तास मी २०० हर्ट्झ वाढवत बसलो होतो. खालून लावलेल्या माइकचं पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करायचं) बटण दाबायचं राहिलेलं. वरचा माइक स्किन लांब जाताना बघतो, खालचा तीच हालचाल जवळ येताना बघतो, दोघं एकमेकांना खातात. बटण दाबलं, अंग आलं, ईक्यू काढून टाकला. दोन्ही ओव्हरहेड (सेटच्या वर टांगलेले माइक) स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का तेही सुतळीने मोजा, आवाजाला एक फूट कापायला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्याने स्नेअर एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो.

आता आवाज रेकॉर्ड होताना, आत जाताजाताच, मी काय करतो ते. हाय-हॅटच्या माइकला लो-कट (खालचा भाग कापणारा फिल्टर), कारण तिथं खाली किकचा गोंगाट सोडून काही नसतं. किकला ३०० ते ४०० हर्ट्झच्या मधे २-३ डीबी कापतो, वाढवत काही नाही. क्लिक पाहिजे असेल तर ३ ते ५ केला मिक्समध्ये. टॉमला काहीच नाही. स्नेअरला कॉम्प्रेसर लावलाच तर रेशो ३ किंवा ४ ला १, अटॅक २० मिलिसेकंदांच्या पुढे, काटा जोराच्या फटक्याला ३ डीबीच्या वर हलता कामा नये, आणि रिलीज (दाब सोडायचा वेळ) असा की पुढचा फटका यायच्या आत काटा शून्यावर परत. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या नोटा १२५ मिलिसेकंदांवर पडतात, त्यावरून अंदाज घ्या. घरी करत असाल आणि हार्डवेअर नसेल तर प्रश्नच मिटला, ट्रॅकवर टाकलेला प्लगइन फक्त ऐकू येतो, रेकॉर्ड कोराच होतो. फक्त काही इंटरफेसच्या मिक्सरमध्ये प्लगइन आत छापायचा पर्याय असतो, तो चुकून चालू नाही ना हे बघा.

चेपायची खाज असेल तर खोलीत लांब एक जास्तीचा माइक लावा आणि त्याला हवं तेवढं चेपा. १९८० साली आलेल्या पीटर गॅब्रिएलच्या अल्बमचं काम लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत चाललेलं, फिल कॉलिन्स ड्रमवर, तेव्हा कन्सोलच्या टॉकबॅक माइकमधून (वादकांचं बोलणं इंजिनिअरला ऐकू यावं म्हणून खोलीत लावलेला माइक) जबर चेपलेला आवाज आला आणि इंजिनिअर ह्यू पॅजमने त्यातूनच तो प्रसिद्ध गेट केलेला, म्हणजे घुमणं मधेच तोडलेला, ड्रम काढला. तोही खोलीतलाच माइक होता. नाहीच आवडला तर तो ट्रॅक बंद, बाकीचे जागेवर.

अजून एक, ड्रमरच्या हेडफोनात चेपलेला ड्रम देऊ नका. जोरात मारलं काय आणि हळू मारलं काय, त्याला सारखंच ऐकू येतं, मग दोन-तीन टेकनंतर तो खरंच सगळं एकाच जोराने वाजवायला लागतो आणि तुम्ही इकडे काटा बघत बसता की कॉम्प्रेसर तर बंद आहे.