घरातल्या शब्दांची वही : सीमाभागातल्या घरांसाठी

पिशवीला ‘शिपवी’ म्हणणारं एखादं पोर घरात असतंच. पुढे ते मोठं होतं, ‘पिशवी’ नीट म्हणायला लागतं, पण घर काही ‘शिपवी’ सोडत नाही. असे शब्द वहीत उतरवायचे तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांना एक काम जास्तीचं पडतं. आपल्या बोलण्यात कन्नड इतकं मुरलेलं असतं की कुठला शब्द घरात जन्मला आणि कुठला शेजारून आला, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. म्हणून आधी चाळणी, मग वही.

चाळणीसाठी प्रत्येक शब्द तीन ठिकाणी विचारा: गल्लीतल्या दुसऱ्या मराठी घरात, दुसऱ्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे आणि कन्नड घरात वाढलेल्या एखाद्याला. विचारताना अर्थ सांगू नका. शब्द वाक्यात घाला आणि अर्थ त्यांनाच सांगू द्या. अर्थ आधी सांगितला की माणूस ‘होय की, म्हणतात की तसं’ म्हणून मोकळा होतो आणि तुमची चाळणी फुकट जाते.

गल्लीत शब्द कळला तर तो बोलीतला. ‘काय करूलालास?’ हे तुमच्या घरचं नाही, ते अख्ख्या भागाचं आहे. कन्नड माणसाला कळला तर तो बहुधा सरळ कन्नडच: साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको, ऊटा म्हणजे जेवण. अंगणात खेळून आलेलं पोर ‘बस्सु’, ‘कारु’ म्हणतं तेही घरचं नाही. बाहेरून आलेला शब्द व्यंजनावर संपला की कन्नडमध्ये शेवटी ‘उ’ जोडायची रीत आहे, तीच त्यानं उचलली. पण ‘साकु’ला मराठी शेपूट लावून तुमच्याकडे ‘मला साकलं’ म्हणत असतील आणि शेजारी तसं कुणी म्हणत नसेल, तर तो शब्द नक्की तुमचा. सीमाभागातल्या वहीत सगळ्यात मोलाचे शब्द हेच, ते आधी लिहा.

आजीच्या तोंडचे शब्द घडवलेले ठरवायची घाई करू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश (१८९४) दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. आज फक्त तुमच्या घरात उरलेला शब्द तिथे कधीकधी व्यवस्थित छापलेला सापडतो. सापडला तर तो वहीतून काढू नका, ‘जुना शब्द’ अशी खूण करा. भूभू, माऊ, काऊ, मम्मं, जोजो, भुर्र हे मात्र लिहायचं कारण नाही, ते सगळ्या मराठी घरांचे.

आता गोळा करणं. ‘आपल्या घरात कुठले वेगळे शब्द आहेत?’ असं विचारलं तर दोन-तीन आठवतात आणि मग सगळे गप्प. कारण घरच्यांना ते वेगळे वाटतच नाहीत. त्याऐवजी वस्तू दाखवून विचारा. एका दिवशी फक्त स्वयंपाकघर घ्या. पक्कड, झारा, पोळपाट, उरलेल्या भाताचं भांडं, डब्याच्या तळाचा चुरा, एकेक हातात घेऊन ‘ह्याला काय म्हणतो आपण?’ म्हणा. दुसऱ्या दिवशी कपडे-अंथरूण, तिसऱ्या दिवशी अंग आणि दुखणी. शी-शूचे शब्द, आंघोळीचे शब्द, रागावल्यावरचे शब्द यांना वेगळी बैठक द्या, इथे घरोघरी भरपूर माल असतो. पाहुण्यांसमोर वापरायचे इशारेही विसरू नका: भाजी कमी आहे, चहा टाक, आता ह्यांना उठू दे. एका बैठकीला अर्धा तास पुष्कळ झाला.

वही २०० पानी, लांब घ्या आणि एका शब्दाला एक पान द्या. पान रिकामं राहिलं तर राहू दे, माहिती पुढे वर्षानुवर्षं भरत जाते. प्रत्येक पानावर शब्द, उच्चार, अर्थ, मूळ शब्द, लिंग, त्यावरून झालेलं क्रियापद, कुणी काढला, तेव्हाचं वय आणि साल, आज कोण कोण म्हणतं, आणि ज्यात तो बोलला जातो ते एक पूर्ण वाक्य. वाक्य गाळू नका. नुसत्या अर्थाने शब्द कधी वापरायचा हे पुढच्या पिढीला कळत नाही.

नमुन्याची एक नोंद अशी दिसेल:

शब्द: कदरंट. मूळ: करदंट, गोकाकची डिंक-सुकामेव्याची मिठाई, कन्नडमध्ये अंटु म्हणजे डिंक. बदल: ‘र’ आणि ‘द’ची जागा बदलली. काढला: धाकट्यानं, तिसऱ्या वर्षी. पहिला अर्थ: करदंट. आताचा अर्थ: दाताला चिकटणारं काहीही, चिक्की, गूळ, पिकलेला फणससुद्धा. लिंग: मूळ करदंट ‘तो’, घरात ‘ते कदरंट’. क्रियापद: कदरंटणे. वाक्य: ‘दातात कदरंटलंय, काडी दे गे.’

यात लिंग आणि क्रियापदाच्या रकान्याकडे लक्ष द्या, बहुतेक वह्यांत नेमकं तेच सुटतं. घरचा शब्द मराठीत खरा रुजला की नाही हे त्याला विभक्ती लागते का, यावर कळतं. ‘शिपवीत ठेव’, ‘दोन शिपव्या’ असं सहज बोललं जात असेल तर शब्द जिवंत आहे. ‘हा, ही की हे?’ असं थेट विचारू नका, लोक विचारात पडून चुकतात. ‘एक आण, दोन आण’ असं म्हणायला लावा, उत्तर आपोआप येतं.

उच्चार लिहिताना देवनागरी दोन ठिकाणी अपुरी पडते. च, ज, झ या अक्षरांचे मराठीत दोन उच्चार आहेत, म्हणून शेजारी ‘चमच्यातला पहिला च’ किंवा ‘चहातला च’ असं लिहा. दुसरं, कन्नडमध्ये ए आणि ओ तोकडे आणि लांब असे वेगवेगळे असतात. ओंदु (एक) मधला ओ तोकडा, ओदु (वाच) मधला लांब. कन्नडातल्या बेळगावी या नावातला ‘बे’सुद्धा तोकडा. कन्नडकडून आलेल्या शब्दाला ‘तोकडा’ एवढी खूण केली तरी पुरते.

तरीही आवाज साठवायचाच. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. आधी शब्द तीनदा सुटा, मग वाक्यात. मोठी माणसं मोबाइल दिसला की पुस्तकी बोलायला लागतात आणि ‘शिपवी’ची ‘पिशवी’ करून टाकतात. त्यांना शब्द म्हणून दाखवा असं सांगू नका, त्या वस्तूची गोष्ट सांगायला लावा. ध्वनिफितीला ‘कदरंट-आज्जी-२०२५’ असं नाव द्या, नाहीतर वर्षभरात दोनशे आवाजांच्या ढिगात काही सापडत नाही.

मूळ शब्द सापडत नसेल तर बदलाची रीत ओळखा. लहान मुलं साधारण ठरलेल्याच वाटांनी जातात. र चा ल होतो, क-ग चे त-द होतात (काकाचा ताता, गायीची दाय), जोडाक्षर सुटं होतं, लांब शब्दातला एखादा तुकडा गळतो किंवा दोन अक्षरांची अदलाबदल होते. उलट दिशेने चालत गेलं की मूळ शब्द बहुधा हाती लागतो. एकाच शब्दात दोन बदल झालेले असू शकतात, ते एकेक करून सोडवा.

लहान मुलाचा शब्द त्याच दिवशी लिहा, काही आठवड्यांत तो बदललेला असतो. मात्र त्याला पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. चार माणसं हसली की पोर तो शब्द टाळतं, आणि कधी बोलणंच कमी करतं. त्याच्याशी बोलताना तुम्ही नीट शब्द वापरा, त्याचा शब्द वहीत राहू दे. चार वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, तर ती वहीची गोष्ट राहत नाही; वाणी-उपचारतज्ज्ञाला दाखवा.

माणसांना ठेवलेली नावं वेगळ्या चिठ्ठीत ठेवा. वही हातोहात फिरते, आणि मामीला घरात काय म्हणतात हे मामीच्या माहेरी कळायला नको.

एका शब्दाचे दोन उच्चार निघाले, आज्जी एक म्हणते आणि काका दुसराच, तर खरा कोणता हे ठरवत बसू नका. दोन्ही लिहा, पुढे ज्याचं त्याचं नाव. लेक लग्न होऊन निघाली किंवा मुलगा नोकरीला पुण्याला गेला की वहीची एक प्रत सोबत द्या, आणि वर्षाकाठी गणपतीला सगळे जमतात तेव्हा दोन्ही वह्या शेजारी ठेवून ‘आज कोण म्हणतं’ हा रकाना नव्यानं भरा.