गोव्यातला सूर्योदय टिपताना या चुका टाळा

हणजुणच्या काळ्या खडकांवर पहाटे समुद्राकडे कॅमेरा रोखून सूर्याची वाट पाहणारे पाहुणे मला दर हिवाळ्यात भेटतात. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य येतो तो पाठीमागून, डोंगराच्या बाजूने. वागातोरला तर मागच्या कड्याची सावली सूर्योदयानंतरही बराच वेळ खडकांवरून हटत नाही.

म्हणून उशिरा पोहोचणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही सव्वासहालाच जागेवर हवेत. सूर्य उगवायच्या आधी पश्चिमेला, समुद्रावरच, एक गुलाबी पट्टा उमटतो आणि त्याच्याखाली निळसर-करडा थर दिसतो. तो थर म्हणजे पृथ्वीची सावली! गोव्याच्या पहाटेचा खरा फोटो हाच, आणि तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग, ऑटोवर असेल तर कॅमेरा तो गुलाबी रंग पुसून टाकतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. पाण्यावरच उगवता सूर्य हवा असेल, तर हिवाळ्यात दोनापावलाहून जुवारी नदीच्या पात्राकडे, आग्नेयेला पाहा.

आता भरतीचं. इथे मी हात जोडून सांगते, ऐका. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. गोव्यात पाणी त्याहून थोडं आधीच भरतं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पहाटे खडक लांबवर उघडे पडलेले दिसतात, पण ओहोटी तेव्हा संपलेली असते. तुम्ही पुढच्या खडकावर फ्रेम लावत असता आणि पाणी मागच्या घळीतून भरत येतं. उधाणाचं पाणी थांबत नाही. हा हिशेब अंदाजापुरता. निघण्याआधी मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. परतीची वाट आधी ठरवा, एकटे जाऊ नका. त्या वेळी किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. जून ते सप्टेंबर तर खडकांवर उतरूच नका.

हिरवं शेवाळ टाळा, कोरड्या खडकावरच पाय टाका. खडकाला चिकटलेली कालवं (शिंपले) ब्लेडसारखी कापतात, त्यामुळे अनवाणी नको, गुळगुळीत तळव्याच्या चपलाही नकोत.

फोटो धुरकट येतात? बहुतेकदा एसी खोलीतून थेट दमट हवेत आणलेल्या लेन्सवर बाष्प धरलेलं असतं. बॅग अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. खारे तुषार उडाले असतील तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. कापड गोड्या पाण्याने किंचित ओलं करून टिपा.

लाट दुधासारखी सपाट होत असेल तर शटर अर्ध्या सेकंदावर आणा. खडकावरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघा तेवढ्यातच सुंदर उमटतात. ट्रायपॉड वाळूत खचतो, त्याचे पाय दाबून रोवा. आणि घरी आल्याबरोबर ते गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी सांधे उघडणार नाहीत.