दालचिनी घेताना काय पाहावे

बाजारात स्वस्त मिळणारी दालचिनी बहुधा चीन, व्हिएतनाम किंवा इंडोनेशियातून आलेली कॅशिया, म्हणजे खऱ्या दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल असते. तिच्यात यकृताला अपायकारक ठरू शकणारे कुमारिन हे द्रव्य बरेच असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. मसालेभातातल्या एका तुकड्याने काही बिघडत नाही. रक्तातली साखर उतरावी म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे.

शक्यतो अख्खी साल घ्यावी. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची आणि बोटांनी सहज मोडणारी असते, तर कॅशिया जाड, एकपदरी व टणक असते. पूड झाल्यावर हा फरक डोळ्यांना कळत नाही आणि भेसळीलाही तिथेच वाव मिळतो: २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत सापडलेले शिसे इक्वाडोरमध्ये दळलेल्या दालचिनीतून आले होते. ते चवीने वा वासाने ओळखता येत नाही. म्हणून पाकिटावर मूळ देश, आयातदाराचे नाव आणि भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक नसेल, तर ते परत ठेवावे. कोकणात खऱ्या दालचिनीची लागवड होते. ओळखीच्या बागायतदाराकडून साल मिळाल्यास ती घरीच दळावी.