पीआय पॉलिसी आहे, पण क्लेमच्या दिवशी ती कामाला येईल का?

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, यातले बरेच जण प्रोफेशनल इंडेम्निटी म्हणजे पीआय पॉलिसी घेतात ती क्लायंटने मागितली म्हणून. कॉपी जोडली, काम मिळालं, विषय संपला. नोटीस हातात पडते तेव्हा पहिल्यांदा पॉलिसी उघडून वाचली जाते आणि तोपर्यंत बऱ्याच गोष्टी हातातून गेलेल्या असतात, म्हणून आधीच वाचा, खरंच सांगतोय.

सगळ्यात आधी कुठली पॉलिसी कशासाठी ते डोक्यात पक्कं करा. काम चालू असताना पुरात मटेरियल वाहून गेलं किंवा आगीत अर्धं बांधकाम जळालं तर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. साइटवरून वीट पडून रस्त्यावरच्या माणसाला लागली तर थर्ड पार्टी लायबिलिटी. आपल्या कामगाराला लागलं तर त्याची वेगळी. आणि हिशोब चुकला, ड्रॉइंग चुकलं, सल्ला चुकला आणि त्यातून नुकसान झालं तर पीआय. कॉन्ट्रॅक्टर लोक इथे फसतात, कारण त्यांना वाटतं डिझाइन आपण कुठे करतो. पण डिझाइन अँड बिल्ड, म्हणजे डिझाइन आणि बांधकाम दोन्ही तुमच्याकडे, असं काम घेतलं असेल तर तुम्ही बाहेरचा कन्सल्टंट लावला तरी क्लायंट तुम्हालाच धरणार, आणि साध्या लायबिलिटी पॉलिसीत प्रोफेशनल सेवेतली चूक बहुतेक वेळा वगळलेली असते. म्हणजे तुम्हालाही पीआय पाहिजे, आणि त्या कन्सल्टंटकडेही आहे का ते कागद बघून खात्री करा, तोंडी नको.

आता महत्त्वाचं. पीआय साधारणपणे क्लेम्स मेड पद्धतीची असते. म्हणजे चूक कधी झाली यापेक्षा क्लेम कधी आला त्यावर ठरतं. समजा २०१९ मध्ये ड्रॉइंग दिलं, २०२१ मध्ये बिल्डिंग उभी राहिली, २०२४ मध्ये बीमला तडे गेले आणि नोटीस आली, तर २०२४ ची पॉलिसी बघितली जाणार, २०१९ ची नाही. मधे एखादं वर्ष काम कमी आहे म्हणून रिन्यू केली नाही आणि नोटीस नेमकी तेव्हाच आली तर इतकी वर्षं भरलेला प्रीमियम काही उपयोगाचा नाही. त्यात रेट्रोॲक्टिव्ह डेट नावाची तारीख असते, तिच्या आधी केलेल्या कामाला कव्हर नाही. कंपनी बदलताना प्रीमियम कमी दिसतो पण ही तारीख गुपचूप पुढे सरकलेली असते, तेवढी एक ओळ नक्की तपासा आणि जुनीच तारीख लेखी मागून घ्या. ऑफिस बंद करताय, रिटायर होताय, तरी बिल्डिंग उभीच असते ना, त्यासाठी रन-ऑफ कव्हर असतं, म्हणजे काम थांबवल्यावर जुन्या कामावर येणाऱ्या क्लेमसाठीचं कव्हर. फ्रान्समध्ये तर बांधकामाच्या गंभीर दोषांची जबाबदारी काम ताब्यात दिल्यापासून १० वर्षं राहते.

कव्हरची रक्कम बघताना ती प्रत्येक क्लेमला आहे की वर्षभराच्या सगळ्या क्लेमना मिळून आहे ते विचारा, आणि वकिलाचा खर्च त्याच रकमेतून जाणार का तेही.

करारावर सही करायच्या आधी तो पॉलिसीशेजारी ठेवून वाचा. पॉलिसी मुख्यतः तुमच्या निष्काळजीपणाला पैसे देते, म्हणजे त्याच कामातला दुसरा जाणकार माणूस जी काळजी घेईल ती तुम्ही घेतली नाही तर. पण करारात तुम्ही 'काम सर्वोच्च दर्जाचंच होईल याची हमी' लिहून दिलं किंवा 'कारण काहीही असो, सगळी भरपाई आम्ही देऊ' यावर सही केली, तर वरचा जादा भाग खिशातून. उशिराचा दंडही यात सहसा बसत नाही. क्लायंटला सरळ सांगा की वाक्य असं करू, 'आमच्या निष्काळजीपणामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरती जबाबदारी', आणि एकूण जबाबदारीला कमाल मर्यादा घालून घ्या. समजावलं तर बरेच क्लायंट ऐकतात, कारण ज्याला इन्शुरन्स नाही अशा वचनाचा त्यांनाही फायदा नसतो.

शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे फॅब्रिकेटर (सुटे भाग बनवणारा) भाग बनवण्यासाठी काढतो त्या ड्रॉइंगवर, शिक्का मारताना मला कायम कॅन्सस सिटीचं हायट रीजन्सी हॉटेल आठवतं. १७ जुलै १९८१ ला तिथल्या लॉबीतले दोन लटकते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच सलग रॉड होता आणि दोन्ही पूल त्यावर. बनवायला सोपं जावं म्हणून एकाचे दोन रॉड झाले, खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला गेला आणि वरच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. कागदावर बदल एवढासाच दिसत होता, शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता, आणि पुढे लायसन्स गेलं. त्यामुळे फॅब्रिकेटरने जोड बदलला असेल तर हिशोब पुन्हा करा, कोणी केला, कोणत्या तारखेला, ते लिहून ठेवा. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कळवा. क्लेममध्ये पाच वर्षांपूर्वीची ती ईमेलच तुमची साक्षीदार.

आणि शेवटी, गडबड दिसली की लगेच इन्शुरन्स कंपनीला कळवा. नोटीस यायची वाट बघू नका, क्लायंटचं 'तळघरात पाणी येतंय, डिझाइनचं काहीतरी बघा' एवढं ईमेलसुद्धा कळवण्यासारखं असतं. वेळेत कळवलं तर पुढे येणारा क्लेम सहसा याच वर्षीच्या पॉलिसीत धरला जातो, लपवलं आणि रिन्यूअलच्या फॉर्मवर 'काही नाही' लिहिलं तर कव्हरच जाऊ शकतं. माणसांना धोका असेल तर मात्र आधी जागा रिकामी करायला सांगा, टेकू लावायला सांगा, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. पण चूक कोणाची, खर्च कोण देणार यावर कंपनीशी बोलल्याशिवाय एक शब्द लिहून देऊ नका, 'फुकटात दुरुस्त करून देतो' हेसुद्धा नाही. पत्रात फक्त काय दिसलं, कधी दिसलं, कोणी सांगितलं एवढंच लिहा, फोटो जोडा, आणि मिळाल्याची पोच घेऊन फाइलला लावा.